अपघाताआधी भरलेला अहवाल

मंडळी, एक सांगा. यंत्र घडवणारा म्हणतो, 'निर्धास्त बसा'. मोडलेली यंत्रे उघडून पाहण्यात ज्याचा जन्म गेला तो म्हणतो, 'जरा थांबा'. विश्वास कोणावर ठेवाल? उत्तराची घाई नको, आधी ही हकिकत ऐका.

एकदा एका माणसाने माळावरच्या धावपट्टीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी दोन आसनांचे छोटे विमान बांधले. सहा वर्षे लागली. आराखड्यात सांगितलेले इंजिन त्याला अशक्त वाटले, म्हणून त्याने मोटारीचे इंजिन फेरफार करून बसवले. असा बदल केला की सोबत कुणाला बसवण्याआधी विमान खात्याची मंजुरी लागते, आणि त्या कागदावर तपासनिसाची सही. तपासनीस म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो पाना धरायला शिकला, ते वृद्ध अण्णा.

त्याला घाई होती. ज्या थोरल्या बहिणीने त्याला लहानाचे मोठे केले, त्या आक्काची दृष्टी चालली होती. 'पावसाळ्याआधी जे पाहायचं ते पाहून घ्या,' असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते. आक्काचे मागणे एवढेच, "मला एकदा आपलं गाव वरून बघायचंय रे." रविवार ठरला.

शुक्रवारी अण्णा आले. चाळीस तासांच्या चाचणी-उड्डाणांची नोंदवही त्यांनी पानोपान वाचली. बोल्ट हलवून पाहिले, वजन ताडले, इंजिन तासभर चालवून कान देऊन ऐकले. खोट सापडली नाही. शिष्याने पेन पुढे केले.

अण्णांनी मात्र पिशवीतून निराळाच छापील अर्ज काढला : विमान अपघात चौकशी अहवाल.

"हा भर. तारीख रविवारची टाक. मग सहीचं बघू."

"अण्णा, काय हे अभद्र! विमान धडधाकट उभं आहे की समोर!"

"म्हणून आज भरायचा. पडल्यावर तुझ्याकडून कसा भरून घेऊ?"

शिष्य हसला, मग चिडला, मग बसला. विमानाचा प्रकार, वैमानिकाचे नाव, सारे भराभर लिहून झाले. 'मृत सहप्रवासी' या रकान्यात त्याने आक्काचे नाव लिहिले : कुमुदिनी, वय एकसष्ट. त्याखाली होते, अपघाताचे कारण.

पेन थांबले. मग शिष्याने खाली मान घालून लिहिले : 'इंधनाची नळी धुराड्याला फार जवळ आहे. भर उन्हात चढताना नळीतले पेट्रोल उकळते आणि इंजिन गुदमरते. दोनदा घडले. वहीत लिहिले नाही.'

"का नाही लिहिलंस?"

"नळी बदलायची म्हणजे चाळीस तास पुन्हा पहिल्यापासून. मग मी गार सकाळीच उडत राहिलो. आक्कालाही सकाळीच नेणार होतो."

"आणि परतायला दुपार झाली असती तर?"

शिष्याने पेन खाली ठेवले.

अण्णा म्हणाले, "अशा एकवीस चौकश्यांना मी बसलो. कारण शोधायला आम्हाला सहा-सहा महिने लागत. आणि दर वेळी शेवटी कळायचं, घडवणाऱ्याला ते आधीच ठाऊक होतं. पण त्याला आम्ही काय विचारलं होतं? 'सगळं ठीक आहे ना?' त्यावर माणूस 'हो'च म्हणतो. 'कशाने मरशील?' असं कुणी विचारलंच नाही. त्यांतल्या एका विमानाच्या मंजुरीवर माझी सही होती, बाबा. इंजिन मी ऐकलं होतं, माणूस ऐकायचा राहिला."

त्यांनी मंजुरीचा कागद सहीविनाच घडी करून पिशवीत ठेवला.

शिष्याने वही ओढून ती दोन दुपारांची नोंद तारखेनिशी केली. नवे चाळीस तास संपायला पावसाळा सरून दिवाळी उजाडणार होती. त्याने आक्काला फोन लावला आणि काही न लपवता सारे सांगितले.

पलीकडून आक्का म्हणाली, "बरं. तू जाऊन ये सावकाश. वरून कसं दिसतं ते मला नीट सांग म्हणजे झालं."

फोन ठेवल्यावर तो पाना घेऊन उठला आणि नळी सोडवू लागला. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

मंडळी, हात जोडून एवढेच मागणे : आपापल्या कामाची वही खरी ठेवा, आणि जे लिहायला हात कचरतो, ते आधी लिहा.