डोळे मिटून म्हटलेली प्रार्थना

ज्या युगात देव माणसांच्या अंगणात पाहुण्यासारखे येत-जात, त्या युगाच्या उतरत्या काळातली ही कथा. दृषद्वती नदीच्या तीरावर वेदश्रवा ऋषींचा आश्रम होता. दर्भावरचे दव सुकण्याआधी शिष्य तेथे ओळीने बसत आणि शारदेला आळवत, ‘हे शुभ्रवसने, आमच्या बुद्धीत उजेड होऊन ये, आमच्या वाणीत सत्य होऊन राहा.’ तो स्वर कानी पडला की पाण्यावर आलेली हरिणे माना उंचावून थबकत, पैलतीरावरचे नावाडी वल्ही आवरून धरत. कसल्या त्या पहाटा होत्या!

वेदश्रवांची मात्र एक इच्छा अपुरी होती. जन्मभर जिला हाक मारली, तिचे रूप त्यांनी कधी पाहिले नव्हते. आणि आता तर त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. शिष्यांना ते आवाजावरून ओळखू लागले होते. “उरलासुरला उजेड जाण्याआधी एकदा ती दिसावी,” असे ते पत्नीला, प्रभद्रेला, म्हणत.

एका पहाटे प्रार्थना ऐन रंगात आली असताना नदीच्या धुक्यातून वीणाधारिणी शारदा चालत आली. तिच्या पावलांखाली गवताचे पातेही वाकत नव्हते. ऋषींच्या अधू डोळ्यांनाही ती लख्ख दिसली. आणि आश्रमाच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी हात वर करून पठण थांबवले! थोर अतिथी दारी आला की अध्ययन बंद. त्या दिवशी अनध्याय, म्हणजे सुट्टी.

“अनध्याय!” सुतपा नावाचा शिष्य हळूच म्हणाला. “देवी पावली म्हणायची!”

“गप रे, ऐकेल ती,” शेजारच्याने त्याला कोपराने ढोसले.

ऋषी अर्घ्यपात्र घेऊन लगबगीने पुढे झाले, तो देवीचा पदर विरू लागलेला.

“अहो, जन्मभर जिला हाका मारल्या ती दारात आली,” प्रभद्रा कळवळून म्हणाली, “आणि तुम्ही तोंड मिटून घेतलंत?”

तेव्हा देवी बोलली, “हे मुनिवर, नाद हेच माझे शरीर. तुमच्या स्वरांतून मी उभी राहिले. स्वर असाच थांबून राहिला तर मी येथून जाईन, आणि या आश्रमाची विद्याही माझ्यामागून निघून येईल!”

ऋषींनी ओठ उघडले. पण तिच्या मुखाकडे पाहताच शब्द फुटेना. शिष्यांचीही तीच गत झाली. पाहावे तर वाणी मुकी होत होती, आणि वाणी मुकी झाली की ती विरत होती. जन्माची तहान समोर उभी होती. ऋषींनी तिला एकवार डोळे भरून पाहिले.

“मुलांनो, डोळे मिटा,” ते म्हणाले, “आणि म्हणा.”

त्यांनी स्वतः प्रथम डोळे मिटले. स्वर पुन्हा उमटला, चढला, वनभर पसरला. त्या घोषात देवीचा आशीर्वाद ऐकू आला, “पाहण्याचा मोह सोडून जो मला आळवील, त्याच्यासमोर मी शेवटच्या अक्षरापर्यंत बसेन.”

प्रार्थना संपली. डोळे उघडले, तेव्हा समोर नदीवरचे ऊन तेवढे होते.

“प्रभद्रे, तू तरी पाहिलंस ना?” ऋषींनी अधीर होऊन विचारले. “कुठे बसली होती? हसत होती का गं?”

“मला काय ठाऊक?” प्रभद्रा डोळे पुसत म्हणाली. “मीही तुमच्यामागून म्हणतच होते.”

ते युग गेले, तो आश्रमही राहिला नाही. पण तेव्हापासून विद्येची प्रार्थना डोळे मिटून म्हणतात. आणि ती चालू असताना कितीही थोर पाहुणा आला, तरी तो दारातच थांबतो.