फळीवरची जागा

माघ वद्य पंचमी. पहाटेपासून नदीवर दाट धुके, वारा अजिबात नाही. अशा सकाळी एक वृद्ध पुरुष आपल्या वीस शिष्यांसह घाटावर होडीची वाट पाहत उभा होता.

त्या होडीचा एक जुना रिवाज होता. खालच्या वस्तीच्या माणसाने फळीवर बसायचे नाही. तळाशी साचलेल्या पाण्यात उभे राहायचे. तो रिवाज आज मोडायचा होता, पण हात न उगारता. एकाने जरी हात टाकला, तरी दंगेखोर ठरवून साऱ्या वस्तीला होडी बंद झाली असती. आणि दवाखाना पलीकडे होता.

महिनाभर अंगणात पाट मांडून सराव चालला होता. एकाने पाटावर बसायचे, इतरांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचे. एक शिष्य दरवेळी शांतपणे हसत बसे. दुसरा खाणीत दगड फोडणारा. काल आईवरून शिवी येताच तो मूठ उगारून उठला होता. मूठ त्याने आपणच खाली आणली, पण रात्रभर त्याला त्याची लाज वाटत राहिली.

होडी दिसताच वृद्ध त्याला म्हणाले, "पहिला तू बस."

तो मागे सरला. "आबा, मी नको. काल बघितलंत ना?"

"बघितलं की."

हसरा शिष्य म्हणाला, "आबा, याला बसवलंत तर नावाड्याचं डोकं नारळासारखं फुटेल!"

वृद्ध त्याच्याकडे वळले. "बाळा, शिव्या देणारे आपलेच आहेत, हे तू क्षणभरही विसरला नाहीस. तुझी शांती अजून कसाला लागलेली नाही. याला शिवी खरीच लागली. उठलेला हात खाली कसा आणायचा, हे आपल्यात फक्त यानं करून पाहिलंय."

दगडफोड्या चढला आणि फळीवर बसला. मागोमाग वृद्धांसह सहा जण बसले.

"ए पाहुण्या," नावाडी ओरडला, "पंगत बसलीय का इथं? ऊठ!"

तो उठला नाही. खांद्यावर वल्हे बसले. मग आईवरून शिवी आली. त्याचा उजवा हात गुडघ्यापर्यंत उचलला गेला आणि पुन्हा फळीची कड धरून राहिला. वल्हे आणखी तीनदा पडले.

"अरे, सोड आता होडी!" मागून एक भाजीवाली कडाडली. "बाजार उठल्यावर नेणार का आम्हाला?" नावाड्याने चरफडत वल्हे पाण्यात घातले.

होडी पलीकडच्या काठाला लागली, तेव्हा दगडफोड्याच्या खांद्यावर चार वळ होते. नावाड्याला कुठेही इजा नव्हती. दिवस मावळेपर्यंत एकवीसही जण फळीवर बसून नदीपार झाले.