वस्तादांचं कोपर

"अजून किती दिवस तेल लावू, वस्ताद?"

हिंदुराव वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून लिंबं कापत होते. तालमीची लाल माती त्या दिवशी मुरवायची होती. ताक, हळद, तेलाचा डबा, सगळं शेजारी मांडलेलं. त्यांनी मान वर केली नाही.

"किती झाले?"

"दोन महिने."

सकाळचा सराव आटोपून सगळे घरी गेले होते. सयाजी चौगुले तेवढा मागे राहिला होता, आणि आपण सहजच राहिलोय असं दिसावं म्हणून उगाच खांद्यावरची माती झाडत होता.

सव्वीस वर्षांचा गडी. सहा वर्षांत त्याची पाठ मातीला लागली नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. पण वैशाखात लग्न ठरलं, आणि इतकी वर्षं लंगोटात झाकून ठेवलेली अडचण आता झाकून भागेना. लिंगावरची पुढची कातडी इतकी घट्ट, की मागे सरकतच नव्हती. आईला सांगायची सोय नाही. मित्रांना सांगावं तर संध्याकाळपर्यंत गावभर. शेवटी वस्तादांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत त्यानं एका दमात सांगून टाकलं होतं.

वस्ताद हसले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "रोज कोमट पाण्यात बस. खोबरेल लाव. दुखणार न्हाई इतपतच हळू मागं घे, आणि लगेच जागेवर आण. ओढाताण करायची न्हाई. महिन्यात फरक पडला तर बरं, न्हाई तर मला येऊन सांग."

तो महिना कधीच उलटून गेला होता.

"फरक पडला?" वस्तादांनी विचारलं.

"पहिले तीन आठवडे पडला की. मग थांबलं."

"थांबलं, तवा तू काय केलंस?"

सयाजी हसला. जिंकलेल्या पैलवानाचं हसू.

"जोर लावला."

वस्तादांची सुरी लिंबात तशीच राहिली.

"शंभर बैठकांनी भागलं न्हाई तर दोनशे मारायच्या, तुम्हीच शिकवलंय. रोज थोडं जास्त ओढत गेलो."

"मग?"

"चिरलं. रगत आलं. भरलं, की परत ओढलं... आता तिथं पांढरी, कडक कडी झाल्यागत झालंय."

"लघवी?"

"होते. धार बारीक झालीय."

"कातडी मागं अडकून राहिली कवा?"

सयाजीनं खांद्यावरची माती झाडणं थांबवलं.

"परवा. एकदाच. सुजलं होतं. गार पाणी लावून, दाबून दाबून... तासाभरानं आली जागेवर."

वस्तादांनी सुरी खाली ठेवली. हा माणूस घाबरतो कसा, हे तालमीत कुणी पाहिलेलं नव्हतं. सयाजीनं आज पाहिलं.

"तासाभरानं," वस्ताद म्हणाले. "आणि आलीच नसती तर? रगत अडलं असतं, पुढचं मांस मेलं असतं, गड्या. अशा वेळी उठायचं आणि तडक दवाखान्यात पळायचं असतं."

"आली की पण! आता तुम्ही दुसरं काही जालीम औषध द्या. मोडलेली बोटं बसवता तुम्ही, निखळलेला खांदा बसवता. त्या डॉक्टरपुढं जाऊन उभं राहायचं म्हणजे... गावात कळलं तर म्हणतील, सयाजी पडला."

"कुणी पाडलं? कातडीनं?"

सयाजी कानापर्यंत लाल झाला. त्याला राग आला होता, आणि त्याहून जास्त रडू.

वस्तादांनी उजवा हात पुढे केला.

हा हात पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. कोपरात वाकलेला, कधीच सरळ न होणारा. भर मैदानात पकड सोडली नाही म्हणून हाड सरकलं, पण समोरच्याला चितपट करूनच वस्ताद उठले, ही गोष्ट तालमीत प्रत्येकाला पाठ होती. निम्मे पैलवान चालतानाही उजवा हात तसाच वाकडा धरायचे. सयाजी त्यांत पहिला.

"सरळ कर," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"हात. सरळ कर माझा."

सयाजीनं देवाची मूर्ती धरावी तसा तो हात धरला आणि हलकेच ओढला.

"जोर लाव."

त्यानं जोर लावला. वस्तादांचे ओठ आवळले गेले, कपाळावर घाम आला, पण तोंडातून आवाज नाही. हाडात काहीतरी करकरलं. सयाजीनं दचकून हात सोडला.

"न्हाई व्हायचं, वस्ताद. तुटंल."

"मग तेल लाव."

सयाजी खरोखरच डब्याकडे वळला. मग थांबला.

"तेलानं काय होणार? हाड वाकडंच बसलंय आतून. हे डॉक्टरनंच बघायला..."

त्यानं डब्याकडे नेलेला हात मागे घेतला.

हौद्यात चिमण्या उतरल्या होत्या. वस्तादांनी कोपर डाव्या हातानं चोळत चोळत जवळ घेतलं.

"उसाच्या ट्रॉलीवरनं पडलो होतो," ते म्हणाले.

"पण ते मैदान... ती पकड..."

"लोकांनी रचलं. मी गप बसलो. चार महिने घरीच चोळत होतो. पैलवानाला दवाखाना कशाला, म्हणालो... नंतर खरं सांगायची लाज वाटली."

चाळीस वर्षांची कीर्ती म्हाताऱ्यानं दोन दमांत मातीत घातली होती, आणि ती कुणासाठी घातली हे सयाजीला कळलं. त्यानं विचारलं,

"काय करतील तिथं?"

"बघतील. साखर तपासतील. मलम देतील. मलमानं भागलं न्हाई तर लहानसं ऑपरेशन."

"जोर जाईल का हो अंगातला?"

"जोर तिथं असतो व्हय रं?"

सयाजीला हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मनापासून.

"आणि लग्न?"

"तारीख डॉक्टरला सांग. मला काय विचारतोस."

त्यानं सदरा चढवला. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, कुस्तीला उतरताना लावायचा तशी, आणि आत्ताच जातो म्हणून छाती काढून निघाला. उजवा हात सरळ होता.

दारातून तो परत फिरला. खिशातून खोबरेलाची छोटी बाटली काढली.

"ही टाकून देऊ मग?"

वस्ताद डाव्या हातानं मातीत ताक ओतत होते.

"टाकतोस कशाला," ते म्हणाले. "तेल चांगलं हाय."