पाहुण्यांच्या हाती दिलेला मुलूख

फार फार वर्षांपूर्वी एका साम्राज्यात अशी रीत होती, की सरदाराला मिळालेली जहागिरीची गावे त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत. त्या गावांच्या उत्पन्नावर त्याने फौज बाळगायची आणि बादशहाची हाक येताच धावून जायचे.

हैबतराव असाच एक सरदार होता. आपल्या गावांसाठी तो नदीवर बंधारा घालत होता. काम निम्म्यावर आले होते.

तेवढ्यात गादीवर नवा बादशहा बसला. तो संशयी होता. लोक आपल्यापेक्षा सरदारांनाच मानतात, हे त्याला खुपले. त्याने फर्मान काढले, की सरदारांचे हुद्दे वाढतील, पण जहागिरी दर तीन वर्षांनी बदलतील.

हैबतरावाला मोठा हुद्दा मिळाला आणि दूरची गावे मिळाली. निघताना पाटलाने विचारले, "सरकार, बंधाऱ्याचं काय?"

"नवे सरदार पुरा करतील," हैबतराव म्हणाला. पाटलाच्या डोळ्यांत बघायचे मात्र त्याने टाळले.

नव्या गावी आधीच्या सरदाराने आमराया तोडून विकल्या होत्या. विहिरी गाळाने बुजल्या होत्या. हैबतरावाने गाळ उपसायला माणसे लावली. तेव्हा त्याचा कारभारी हळूच म्हणाला, "सरकार, या सगळ्या विहिरी उपसून शेतं पिकू लागतील, तेव्हा आपण इथं नसू."

हैबतरावाने माणसे परत बोलावली. त्या सुगीला त्याने शेतसारा वाढवला. तेव्हा त्याला घास गोड लागेना. पुढच्या जहागिरीत त्याने तेच केले आणि तो पोटभर जेवला.

काही वर्षांनी शत्रू चालून आला. बादशहाची हाक आली. हैबतराव फौजेसाठी गावोगाव फिरला. निम्मी घरे ओस होती. एका ओट्यावर म्हातारा बसला होता.

"तरणी माणसं कुठं गेली?" हैबतरावाने विचारले.

"पाणी असेल तिकडं गेली. तुम्ही कोण म्हणायचे?"

"मी इथला जहागीरदार."

"असाल," म्हातारा म्हणाला. "आम्ही नावं ध्यानात ठेवणं सोडलंय."

सगळ्याच सरदारांची हीच गत झाली. हुद्दे मोठे होते, मागे माणसे नव्हती. दुपारच्या आत लढाई संपली आणि साम्राज्य बुडाले. हैबतराव रणात पडला. उरलेल्या शिपायांना त्याला कोणत्या गावी न्यावे, हे कळेना. शेवटी त्यांनी वाटेतच त्याला अग्नी दिला.

ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे ते इतकेच: ज्याला मातीत रुजू दिले नाही, तो त्या मातीला जपत नाही, आणि न जपलेल्या मातीवर कोणतेही सिंहासन टिकत नाही.