महाराजांचे दगडी खांब

धामणगडच्या भुजंगराव महाराजांनी कुठंसं ऐकलं, की ज्या मुलखात गोल दगडी खांबांच्या कचेऱ्या असतात तिथं प्रजेचं राज्य असतं. आता प्रजेला राज्य देण्यापेक्षा खांब उभारणं सोपं! गावोगावची माणसं वेठीला धरून त्यांनी कचेरी उभी केली. दगड वाहताना कुरकुरला म्हणून म्हाताऱ्या हौसाबाईचा मुलगा रखमाजी कोठडीत गेला. तिथं त्याला खोकल्यातून रक्त पडू लागलं.

वास्तुशांतीच्या दिवशी म्हातारी पायऱ्यांशी येऊन बसली. छपराखाली खुर्चीत बसलेले महाराज छाती फुगवून सगळ्यांदेखत म्हणाले, "हे खांब म्हणजे माझी प्रजा! तिच्याच जिवावर हे राज्य उभं आहे."

"मग सरकार, माझा खांब तेवढा सोडा की."

"तुझा पोरगा फार बोलतो, म्हातारे."

"घरातला खांब करकरला तर आमच्यात वरचं ओझं उतरवतात, सरकार. खांबच उपटून कोठडीत टाकला, तर त्या छपराखाली बसायचं कुणी?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. महाराजांचीही गेली, आणि खुर्ची हातभर मागं सरकली.

रखमाजी त्याच सांजेला सुटला आणि आईच्या खांद्यावर भार टाकून कसाबसा घरी गेला. वेठ काही सुटली नाही. महाराज तेवढे कचेरीत बसण्याआधी छपराकडे बघू लागले.