एस्तेर राणी आणि राजांची छडी

शनिवारी घाण्याला बैल जुंपला नाही, म्हणून रणधीरराजांनी हसाजी तेल्याला कोठडीत टाकलं. हसाजी बेने इस्राएल, आणि या यहुदी लोकांचा शनिवार म्हणजे विसाव्याचा वार; माणूस बसतो, बैलही बसतो. पण महालातले दिवे वार पाहून जळत नाहीत, असं राजांचं म्हणणं. बापाला सोडवायला हसाजीची लेक मिल्का तडक दरबारात शिरली. आणि न बोलावता दरबारात आला तो कोठडीत गेला, हाही राजांचाच हुकूम!

दरबार एका चित्रात गढला होता. गोऱ्या व्यापाऱ्यानं नजराणा म्हणून दिलेलं. सिंहासनावरून पुढं झुकलेला राजा, हातात सोन्याची काठी, समोर दासींच्या अंगावर कोसळलेली राणी. शास्त्रीबुवा म्हणाले, हा यमदंड. वैद्यबुवांना राणीचं पित्त दिसलं. सेनापतींनी छातीठोकपणे सांगितलं, राजाचा नेम चुकलाय. राजे प्रत्येकाला मान डोलवत होते. घाबरलेली राणी त्यांना फार आवडली होती.

तेवढ्यात त्यांनी हातातली छडी मिल्कावर रोखली. "कोण गं तू? कुणी बोलावलं तुला?"

मिल्कानं छडीवरून चित्राकडे पाहिलं. त्यातली बाई तिच्या ओळखीची निघाली. दर वर्षी सणाला तिची गोष्ट घरात व्हायची.

"कुणी नाही, महाराज. त्या राणीलाही नव्हतं बोलावलं. ही आमची एस्तेर राणी. तिच्या माणसांच्या जिवावर बेतलं, म्हणून अशीच आत घुसली. तिथंही न बोलावता येणाऱ्याला मरण होतं."

"मग मेली?" राजांनी आशेनं विचारलं.

"वाचली."

"म्हणजे राजाचा हुकूम खोटा? ऐक पोरी. राणी वाचली पाहिजे आणि हुकूमही मोडता कामा नये, असा अर्थ लाव. नाहीतर तुझ्या बापाशेजारची कोठडी रिकामीच आहे!"

"मारणारा काठी वर उचलतो, महाराज. याची बघा, खाली तिच्या हाताशी आलीय. हुकुमातच सोय होती. राजा ज्याच्याकडे काठी पुढं करील, त्याला अभय. हुकूमही राहिला, राणीही राहिली."

शास्त्रीबुवा उगाच खोकले. राजांनी मिशीला पीळ दिला. "राणी सुटली. आता तुला कोण सोडवणार?"

"मघापासून छडी कुणाकडे केलीय, महाराज?"

राजांनी पाहिलं. छडी अजून तिच्याकडेच होती. मागं घ्यावी, तर चित्रातल्या राजापेक्षा आपण कोते ठरणार! मिल्कानं पुढं होऊन छडीचं टोक धरलं.

"यानंतर तो राजा म्हणाला होता, माग, अर्धं राज्य देतो."

"अर्धं?" राजांचा आवाज चिरकला.

"राज्य ठेवा तुमचं. मला बाप द्या, आणि आमचा शनिवार द्या."

राजे इतके हसले की मंदील कानावर आला. हसाजी त्याच घटकेला सुटला, शनिवारचा घाणा कायमचा माफ झाला, आणि मिल्काला जरीचं लुगडं मिळालं. घरी जाताना शास्त्रीबुवा सगळ्यांना सांगत होते, आपल्या मनात अगदी हेच होतं. त्या चित्रासमोर दिवा लागला. तेल हसाजीच्याच घाण्याचं, शुक्रवारी गाळलेलं.