चुन्याचा मावसभाऊ

तळ्यात माणसांचे गळ नुकतेच पडू लागले होते, त्या काळची ही गोष्ट. पोटात दाणे दळायला बदकं खडे गिळतात. एका बदकिणीने खड्यांसोबत गळाला वजनासाठी लावलेली शिशाची गोळीही गिळली. झिजत झिजत शिसं रक्तातून हाडांच्या दारी पोचलं.

"आपण कोण?" हाडांनी विचारलं.

"मी चुन्याचा मावसभाऊ. रंगावर जाऊ नका."

हाडं चुन्यावरच पोसलेली. त्यांनी लगेच दार उघडलं. पाहुणा पेशीपेशीत हिंडला आणि नवी पेशी घडवायचा नमुनाच त्याने जागोजागी खोडून ठेवला. नसांतले निरोपही त्याने अडवले, आणि बदकिणीची मान लुळी पडली. थवा उडून गेला, ती काठावरच राहिली.

"पाहुणे, जाणार तरी कधी?" हाडं काकुळतीने म्हणाली.

"ते दार उघडण्याआधी विचारायचं," असं म्हणून शिशाने तिथेच पथारी पसरली.